वहिनीची तिसरी खात्री

माझी वहिनी जीवाणूंची बाई. लोकांना ओळख करून देताना मी तेवढंच सांगते, कारण पूर्ण सांगायला गेलं की समोरचा माणूस हळूच आपली खुर्ची मागे सरकवतो. माणसाच्या जखमेत, रक्तात, लघवीत सापडणारे जीवाणू आणि रानपाखरांच्या विष्ठेत सापडणारे जीवाणू एकमेकांचे कोण लागतात, हे ती गेली एकवीस वर्षं शोधते आहे. मी तिची नणंद. माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, इथल्या मोठ्या रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीने भावाला झाकलं: माझ्या भावाने माझ्या वहिनीचा केसाने गळा कापला, आणि त्या कामाला माझेही दोन हात लागले.

वहिनी दिसायला अशी की गर्दीत हरवली तर वर्णन काय द्यायचं हा प्रश्न पडावा. पण तळ्याकाठी तिला कोणीही लांबून ओळखायचं. भली मोठी टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, काखेत गुंडाळलेलं प्लास्टिक. सकाळी पाणकावळे आणि बगळे घरट्यांतून हलायच्या आत ती झाडांखाली ते प्लास्टिक अंथरायची आणि बाजूला चहा पीत बसायची. पाखरांनी आपलं काम उरकलं की वहिनी आपलं सुरू करायची. प्रत्येक शिंतोड्याला वेगळी नळी, प्रत्येक नळीवर तारीख, झाड, पक्षी. एकदा मी सोबत गेले होते, तर नेमका तिच्या टोपीवर प्रसाद पडला. मी रुमाल काढला, तशी बाई खेकसली, "हात लावू नकोस! ताजा आहे!" आणि टोपी डोक्यावर तशीच तोलत चिमट्याने नमुना उचलला.

घरी आली की आधी साबण. तिला, मला, दादाला, पाहुण्याला, सगळ्यांना. आमच्याकडे येणाऱ्याला आधी साबण मिळतो, मग खुर्ची. माझी आणि तिची पहिली दहा वर्षं याच साबणावरून खणाखणी चालली. ती चिडली की मला मुद्दाम "वन्सं" म्हणायची आणि अहोजाहो करायची. "वन्सं, आपण नखं घासलीत का?" राग उतरला की पुन्हा "अगं". नवरा गेल्यावर मी दादाच्या घरात खालच्या खोलीत राहायला आले, तेव्हा मला वाटलं होतं की हिच्याशी आपलं पंधरा दिवसही पटायचं नाही. पुढे अशी वेळ आली की संध्याकाळी तिला यायला उशीर झाला तर दादाआधी मीच खिडकीशी जाऊन उभी राहायची.

तिची प्रयोगशाळा म्हणजे विद्यापीठाच्या मागच्या अंगाला एक बुटकी खोली. खिडकी रंगाने चिकटून बसलेली, कोपऱ्यात जीवाणू वाढवायची उबदार कपाटं दोन, आणि उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर, जो सारखा कण्हत असतो. मला तिने एकदा कामाची मेख दाखवली. काचेच्या बशीत जीवाणूंचा पातळ थर पसरायचा, त्यावर औषधाच्या बारीक कागदी टिकल्या ठेवायच्या आणि एक दिवस उबेत ठेवायचं. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. लागू पडत नसेल तर जीवाणू थेट टिकलीला येऊन भिडतात. "हे बघ," ती एक बशी उजेडाकडे धरून म्हणाली, "हे साहेब चार औषधांना भीक घालत नाहीत." बशीत एकही गोल नव्हता. मला ते पाहून उगाचच कोणीतरी आपल्याकडे रोखून बघतंय असं वाटलं.

आता तिची वही. सगळ्या गोष्टीची गोम इथेच आहे, म्हणून जरा नीट सांगते. वहिनी कुठलाही निकाल आधी पेन्सिलीने लिहायची. आठवड्याने त्याच जागेचा नवा नमुना घ्यायची, पुन्हा तपासायची. मग आणखी आठवड्याने तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच आलं तरच पेन्सिलीवर शाई फिरवायची. शाईतलं ती जगाला सांगायची, छापायची, सभेत वाचायची. पेन्सिलीतलं मेली तरी तोंडातून बाहेर काढायची नाही. "दोनदा म्हणजे दोनदा," एवढंच म्हणायची. तिच्या क्षेत्रातले लोक तिला यावरून हसत. दोन-तीन वेळा तर तिचा शोध दुसऱ्यांनी आधी छापला आणि ही तिसरी खात्री करत बसली. पण एकवीस वर्षांत तिला आपलं एक वाक्यही मागे घ्यावं लागलं नाही, याचा तिच्याहून मला जास्त तोरा होता.

पेन्सिलीतलं ऐकण्याचा मान जगात फक्त दोघांना, मला आणि दादाला. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर ती दिवसभराचं सगळं सांगायची. दादा आणि ती कॉलेजपासूनचे. दादा तिला चिडवायचा, "मला तुझ्या फ्रीझरचा मत्सर वाटतो. त्याच्याजवळ तू जास्त असतेस." आणि ऐकायचा मात्र जीव लावून. मधेच नेमका प्रश्न विचारायचा. तो प्रश्न विचारला की वहिनीचा चेहरा असा खुलायचा की मी ताटात बघायचे. तीस वर्षांच्या संसारात नवरा बायकोचं काम इतकं मन लावून ऐकतो, हे मी माझ्या मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंय. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मी कोर्टात तीस वर्षं टंकलेखक होते. साक्षीदार ढसढसा रडला तरी न्यायाधीशांनी सांगितल्याशिवाय आम्ही "साक्षीदार रडला" असंही टंकायचो नाही. समोर आहे ते टंकायचं, अर्थ लावायला वरचे लोक आहेत. निवृत्तीनंतर बोटं शिवशिवायची, म्हणून वहिनीने दर शनिवारी तिची वही माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. शाईतलं तेवढं मी स्वच्छ टंकून ठेवायचे आणि खाली तिचं नाव घालायचे. त्या पानांवर चूक काढून दाखवा म्हणावं कोणी.

त्या वर्षी रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तापाने फणफणू लागले. जखमा चिघळायच्या, औषध लागू पडायचं नाही. महिन्याभरात अकरा जण. त्यातले तीन गेले. एक तर आमच्या गल्लीतला पोस्टमन, साध्या हर्नियासाठी दोन दिवस म्हणून गेलेला. गावभर कुजबुज सुरू झाली आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं. नमुने वहिनीकडे आले. तोच तो, चार औषधांना भीक न घालणारा. आणि तिच्या नेहमीच्या पाणकावळ्यांमध्येही तोच. जनुकांचा ठसा काढला, तोही हुबेहूब. पाखरांचा निकाल तीनदा झाला, वहीत शाई फिरली: तळ्याकाठच्या पक्ष्यांत आणि वॉर्डातल्या रुग्णांत एकच जीवाणू.

इथपर्यंत कोणीही म्हणेल, म्हणजे पाखरांनीच आणला. वहिनीने तसं म्हटलं नाही. तिने विचारलं, कोणी कोणाला दिला? रुग्णालयाचं सांडपाणी जिथे तळ्याला मिळतं तिथे पाणी जरा कोमट असतं, तिथे मासे जमतात आणि माशांवर पाखरं. म्हणून ती उलट्या दिशेने वर गेली. रुग्णालयाच्या आवारात तिसऱ्या मजल्याच्या बेसिनांचा पाइप जिथे उतरतो, तिथलं बंद झाकण उघडून तिने आतलं पाणी घेतलं. तिथे पाखराचं पीसही पोहोचत नाही. त्या पाण्यात तो जीवाणू खदखदत होता. तिचं म्हणणं असं की जुन्या पाइपात तो कित्येक महिने घर करून बसला असणार. नर्स बेसिनात हात धुते, खालून तुषार उडतात, ते हातावर, कपड्यांवर, पट्ट्यांवर. आजार वॉर्डातून तळ्यावर गेला होता, तळ्यावरून वॉर्डात आलेला नव्हता.

पहिल्यांदा तपासलं, पेन्सिल. आठवड्याने दुसऱ्यांदा तपासलं, तेच. ते तिने एका गुरुवारी जेवताना सांगितलं. दादाने घास हातातच धरला.

"नक्की?" त्याने विचारलं.

"दोनदा," वहिनी म्हणाली. "येत्या बुधवारी तिसऱ्यांदा पाणी घेते. तोवर कोणाला बोलू नकोस. पण तू त्या बेसिनांचा वापर थांबव, आजच."

"थांबवतो," दादा म्हणाला. आणि नेहमीसारखा नेमका प्रश्न विचारला, "बुधवारच्या पाण्यात नाही सापडला तर?"

"तर मी गप्प बसेन आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन," वहिनी हसून म्हणाली. मीसुद्धा हसले.

शनिवारी सकाळी ती दोन दिवसांसाठी नदीच्या वरच्या अंगाला गेली. तिथल्या दुसऱ्या तळ्यावरची पाखरं तपासायची होती. वही नेहमीप्रमाणे माझ्या टेबलावर ठेवून गेली. दुपारी दादा खाली आला. माझ्या खोलीत तो सहसा येत नाही, आला तर उभ्या उभ्या बोलतो. त्या दिवशी बसला.

"सोमवारी नगर समितीची बैठक आहे, आजाराबद्दल," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीचा निकाल टंकून दे. फक्त शाईतलं हं. तिचा नियम तुला माहीतच आहे."

"मला शिकवतोस?" मी म्हटलं. "पेन्सिलीतलं एक अक्षर जायचं नाही माझ्या हातून."

मी टंकलं. सुंदर टंकलं. तळ्याकाठच्या पक्ष्यांत आणि वॉर्डातल्या रुग्णांत एकच जीवाणू, त्याचे आकडे, त्याचे ठसे. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पाइपाचं सगळं पेन्सिलीत होतं. ते मी वाचलं आणि नियमाप्रमाणे सोडून दिलं. अर्ध्या पानाने गोष्टीचा अर्थ उलटा होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. क्षणभर आलं. पण तीस वर्षांची सवय, अर्थ लावायचा नाही. आणि मागणारा कोण, तर दादा. ज्याला खालचा अर्धा भाग तोंडपाठ होता.

समितीचं इतिवृत्त लिहायला मलाच बोलावलं होतं, म्हणून सोमवारी मी तिथे होते. लांब टेबल, बारा खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर तळ्याचा नकाशा. प्रत्येकाच्या समोर माझं टंकलेलं पान. वहिनी आली, बसली, पान उचललं. खाली स्वतःचं नाव पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिला काही कळतच नव्हतं, अशी ती बघत होती.

अध्यक्ष बाईंनी वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे घरट्यांची ती झाडं काढली पाहिजेत."

वहिनी ताडकन उठली. पाइपाचं सगळं बोलली. इतक्या लोकांसमोर पेन्सिलीतलं बोललेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. सगळे दादाकडे वळले. त्याने चष्मा काढला, पुसला आणि प्रेमाने, अगदी प्रेमाने विचारलं, "हे तुझ्या वहीत शाईत आहे की पेन्सिलीत?"

तिने हातातलं पान टेबलावर ठेवलं.

"पेन्सिलीत," ती म्हणाली.

"पेन्सिलीतलं तू कधी जाहीर करतेस का?"

"नाही."

दादा समितीकडे वळला. "माझ्या बायकोइतकं काटेकोर माणूस तुम्हाला मिळायचं नाही. तिच्याच नियमाने जाऊ. बुधवारी तिला तिसरा नमुना घेऊ द्या, मी स्वतः झाकण उघडून देतो. सापडला तर झाडं राहतील, वॉर्ड बंद करू. नाही सापडला तर तिचं शाईतलं आपल्यासमोर आहेच." सगळ्यांनी माना डोलावल्या. किती न्यायाने बोलला, असं शेजारचे गृहस्थ मला म्हणाले. मी ते इतिवृत्तात टंकलं.

घरी येताना मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "अगं, तू नियमच पाळलास. आणि बुधवार आहे ना. तो काही वाईट बोलला नाही, तिसऱ्यांदा बघणं बरोबरच आहे." अजून तिचा त्याच्यावर विश्वास होता. मीही मूग गिळून गप्प बसले, कारण मलाही तोच विश्वास हवा होता.

बुधवारी मी तिच्या नळ्यांची पेटी धरून सोबत गेले. दादाने शब्द दिल्याप्रमाणे स्वतः झाकण उघडलं. आतून ब्लीचचा भपकारा आला. पाइप नवा कोरा, पांढरा. सांध्यांना लावलेलं सिमेंट अजून ओलसर. वर तिसऱ्या मजल्यावर बेसिनंही नवी होती. शनिवार-रविवार वॉर्डातले रुग्ण रंगकामाच्या नावाखाली दुसरीकडे हलवले होते, हे आम्हाला तिथल्या नर्सकडून कळलं. रंग कुठेच दिलेला नव्हता.

"जुना पाइप कुठे आहे?" वहिनीने विचारलं.

"भंगारात गेला," दादा म्हणाला. "दुरुस्तीचा अर्ज दोन महिन्यांपूर्वीचा होता. आता कुठे नंबर लागला."

तिने गुडघे टेकले, हात आत घातला आणि पाणी घेतलं. मी म्हटलं, "कशाला घेतेस? काय सापडणार आहे त्यात?" ती म्हणाली, "बुधवारी घेईन म्हणाले होते." शुक्रवारी बशा उघडल्या. बशा रिकाम्या. तिने समितीला पत्र लिहिलं: दोनदा सापडला, पाइप बदलल्यावर सापडला नाही, यावरूनच काय ते ओळखा आणि झाडं तोडू नका. समितीचं उत्तर त्याच दिवशी आलं. पाइप बदलला हे उत्तमच झालं, पण पक्ष्यांत जीवाणू आहे हे आपणच तीनदा पाहिलं आहे, आपल्या परिश्रमांबद्दल समिती आभारी आहे.

शनिवारी झाडं पडली. घरट्यांत पिल्लं होती. वहिनी टोपी, बूट घालून गेली आणि पडलेली पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यांत गोळा करत राहिली. मोठी पाखरं वर घिरट्या घालत ओरडत होती. करवतीच्या आवाजात ते ओरडणं मधेच ऐकू यायचं, मधेच नाही. एकोणीस पिल्लं तिने पक्ष्यांच्या दवाखान्यात पोचवली. चार जगली. मी तिच्या मागे मागे खोकी धरून फिरले, पण तिच्याशी बोलायची माझी हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने ताट बाजूला सारलं आणि दादाला विचारलं, "पाइप बदलायचं कधी ठरवलंस?"

दादा खोटं बोलू शकला असता. अर्ज होता, कागद होते. पण घरात तो खोटं बोलत नाही, याचा त्याला अभिमान आहे.

"तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला. "शुक्रवारी."

"म्हणजे तुला पटलं होतं."

"पटणारच. तू कधी चुकली आहेस?" आणि हे तो कौतुकाने म्हणाला! मग नीट समजावून सांगायला लागला. पाइपाचं बाहेर फुटलं असतं तर चौकशी लागली असती, वॉर्डच काय, अख्खं रुग्णालय बंद पडलं असतं. दोनशे माणसं कुठे गेली असती? लोकांना काहीतरी दिसेल असं करावं लागतं. झाडं पुन्हा लावता येतात. "आजार थांबवायचा होता, तो मी थांबवला. तुझ्याच शोधामुळे थांबवला. तुला हवं होतं तेच झालं ना?"

मी उसळले. "आणि तो पोस्टमन? त्याच्या बायकोला काय सांगशील, बगळ्याने मारलं तुझ्या नवऱ्याला? सगळं खापर मुक्या पाखरांवर फोडलंस आणि माझ्या हातून फोडलंस!"

"तू मधे पडू नकोस," दादा म्हणाला.

वहिनीचा आवाज चढला नाही. "मी चुकले असं तुला वाटलं असतं," ती म्हणाली, "आणि तू झाडं पाडली असतीस, तर मी कडाकडा भांडले असते आणि कधीतरी विसरलेही असते. तू तर माझा शब्द खरा धरलास. खरा धरलास म्हणून घाईने जाऊन तो खोटा पाडायची सोय केलीस. बुधवार मी समितीला सांगितला नव्हता. तुला सांगितला होता, इथे, जेवताना."

दादा पाणी प्यायला आणि उठला. मग ती मला म्हणाली, "खालचं अर्धं पान तू वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं," मी म्हटलं.

"मला एक फोन करायचास." एवढंच. मी रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण "काही हरकत नाही" असं म्हणाली नाही. हरकत होती आणि ती खोटं बोलत नाही.

त्या आठवड्यात ती खाली माझ्या खोलीत राहायला आली. दुसरी खाट टाकली. वरचा मजला दादाचा, खालचा आमचा. जिन्यात भेट झाली तर "भाजी आणली आहे", "वीजवाला येणार आहे" इतपत बोलणं होतं. ती कामाला जाते, नमुने आणते, बशा बघते. तपासलेलं मला सांगते, पण आता बेतानेच सांगते. मी विचारते, ती उत्तर देते आणि थांबते. ते थांबणं माझ्या वाट्याचं आहे, हे मला कळतं.

वॉर्डात त्यानंतर कोणी आजारी पडलं नाही. सहा महिने झाले, एकही नाही. रुग्णालयात दादाचा सत्कार झाला. वहिनीलाही बोलावलं होतं, ती गेली नाही. गावात मात्र तिचं नाव झालं आहे. पूर्वी तिला कोणी ओळखत नव्हतं, आता दुकानात लोक रांगेत पुढे जायला सांगतात.

परवा आम्ही दोघी बाजारातून परत येत होतो. तळ्याच्या रस्त्यावर एक पाच-सहा वर्षांची मुलगी पांढरं पीस घेऊन नाचत होती. तिच्या आईने आम्हाला पाहिलं आणि धावत येऊन मुलीच्या हातावर चापट मारली.

"टाक ते आधी! आजार होतो ना त्याने? या बाईंनीच शोधून काढलंय."

मुलीने पीस टाकलं आणि भेदरून वहिनीकडे पाहिलं. वहिनी हातातली पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवी बसली.

"पाखरांनी आजार नव्हता दिला," ती म्हणाली. "त्यांच्याकडे तो आपल्याकडून गेला होता. रुग्णालयाच्या पाइपातून."

"पाइप?" आई म्हणाली. "पण तो तुम्हीच तपासला होता ना? त्यात काही निघालं नाही म्हणे."

"शेवटच्या वेळी नाही निघालं."

"आणि झाडं तोडल्यापासून कोणी आजारी पडलं का?"

मी पुढे झाले. तोंडात दादाचं नाव, पाइप, सिमेंट, सगळं एकदम आलं. वहिनीने बसल्या बसल्या माझं मनगट धरलं. त्या बाईने विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर तिला द्यायचं होतं.

"नाही," वहिनी म्हणाली. "कोणी नाही पडलं."

"मग झालं तर!" आई मनापासून हसली. तिने रुमालाने मुलीचे हात खसाखसा पुसले आणि तिला वहिनीपुढे उभं केलं. "बाईंना थँक्यू म्हण."

मुलगी थँक्यू म्हणाली.